एकाच साच्याचे मावळे

परदेशात म्हणे लोक २८ मिलिमीटरचा शिपाई रंगवायला घेतात, तेव्हा त्याच्या कोटाच्या बटणाचा रंगही आधी पुस्तकात ताडून पाहतात. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मात्र एकाच साच्यातून निघतात: अंग गुलाबी, मुंडासं लाल, आणि ब्रश घसरला की भिवई थेट कपाळावर. दरवाजा त्यांच्या गुडघ्याला लागतो, प्लास्टिकचा वाघ बुरुजाहून उंच. शत्रू कुठेच नसतो, म्हणून आपण कधी हरतही नाही.

खरा इतिहास मात्र जवळच आहे. खानदेशातल्या खांडबाऱ्याहून रेल्वे सुरतेला जाते. त्या सुरतेवर महाराज १६६४ आणि १६७० असे दोनदा चालून गेले. याच खानदेशात इंग्रजांनी १८२५ साली भिल्ल पलटण उभारली, आणि १८५८च्या एप्रिलात अंबापाणीला भिल्लच इंग्रजांशी झुंजले. पण बाजारातल्या खोक्यात तिरकामठेवाला शिपाई मी तरी पाहिलेला नाही. साचाच नसेल बिचाऱ्या कारागिरांकडे!

म्हणून यंदा किल्ल्यावर अळीव पेराल, तेव्हा एका मावळ्याच्या हातातली तलवार काढा आणि तिथे काडीला दोरा बांधून द्या. रंग चुकला तरी चालेल.