आयर्लंड आटोपण्याची शास्त्रोक्त पद्धत

आयर्लंड हा हिरवा, ओला आणि जुना देश आहे. बसभर मंडळींना तो आठवड्यात आटोपता येतो; मात्र पुढील विधी काटेकोर पाळावा.

१. आसनग्रहण : केरीच्या १७९ किलोमीटरच्या वळसा घालणाऱ्या रस्त्यावर सहलीच्या बस किलार्नीहून घड्याळाच्या उलट दिशेने जातात. अरुंद वळणावर दोन बस समोरासमोर ठाकू नयेत म्हणून ही शिस्त. त्यामुळे समुद्र उजवीकडे येतो. तेव्हा न्याहारीआधीच उजव्या खिडकीत रुमाल टाकावा. एकदा जागा मिळाली की झोपायला हरकत नाही.

२. न्याहारी : ताटातल्या काळ्या चकत्यांत डुकराचे रक्त असते. शेजारच्या पांढऱ्या चकत्यांत ते नसते, पण म्हणून काही त्या शाकाहारी ठरत नाहीत. शंका आल्यास दशम्या काढाव्यात.

३. निसर्गदर्शन : मोहेरचे कडे समुद्रातून २१४ मीटरपर्यंत उभे चढतात. धुके असले तर दिसत नाहीत. दोन्ही प्रसंगी त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढावा आणि म्हणावे, "आपला कोकणकडा काही कमी नाही!"

४. पुरातत्त्व : न्यूग्रेंजचे थडगे सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून जुने. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या दालनात पोहोचतो. मे महिन्यात आलेल्यांना तो विजेच्या दिव्याने दाखवतात. त्यासाठी अंधार झाला, की गटातल्या एकाने तरी वॉशरूम कुठे आहे ते विचारावे.

५. वक्तृत्व : ब्लार्नीच्या किल्ल्यात वर चढून, उताणे होऊन, लोखंडी दांडे धरून, मान मागे टाकून एका दगडाचे चुंबन घेतले की वाक्चातुर्य लाभते, अशी समजूत आहे. विमानतळापासून अखंड बोलत आलेल्या काकांना या रांगेतून वगळावे.

६. शोक : १८४५ मध्ये इथल्या बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने गेली, तितकीच देश सोडून गेली. त्या काळातही धान्य जहाजांत भरून इंग्लंडला जातच होते. हे ऐकताना दोन मिनिटे गंभीर राहावे. "रोज रोज बटाटाच काय?" ही तक्रार रात्रीच्या जेवणापर्यंत राखून ठेवावी.

७. अभिमान : लिओ वराडकर २०१७ मध्ये या देशाचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील मुंबईचे आणि घराण्याचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. हे गाइडला ठाऊक असते, तरी सांगावे. मग कोकण रेल्वे, सोलकढी आणि आंब्याचा यंदाचा भाव या क्रमाने पुढे जावे. निरोपाच्या दिवशी गाइडला मालवण तोंडपाठ झालेले असेल, तर आयर्लंड यथासांग आटोपले असे समजावे.