गडग्यावरची गजाल

"गो बाय, तुमच्या आंब्यार ता काय टांगलंस? मधमाशांची पेटी?"

कपडे वाळत घालायच्या आधीच काकी गडग्यापलीकडे हजर. वायरीत काही गुपचूप करायचं तर सकाळी सहाच्या आत उरकावं लागतं.

"घुबडांका घर, काकी."

"मेल्यांनो! घुबाड वरडला तर लोकां देवाक नारळ ठेवतत, आणि तुमी तेका बिऱ्हाड दितास?"

"लक्ष्मीचा वाहन ना ता?"

"लक्ष्मीक सांग, रिक्षेन ये."

मग मी काकीच्या दुखऱ्या जागेवर आले, म्हणजे तिच्या माडांवर. उंदीर कोवळे नारळ पोखरून खाली टाकतात. खोडाला पत्रे ठोकले, तर ते झावळ्यांवरून शेजारच्या माडावर. लक्षद्वीपात कवरत्तीला याच दुखण्यावर केरळातून गव्हाणी घुबडं नेऊन सोडली, हे सांगितल्यावर काकीने सुपातले तांदूळ निवडणं थांबवलं. विषाच्या वड्या तेवढ्या बंद करा, म्हटलं. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला की तेही मरतं.

"पण इतकी वर्सां घुबडां रवत खय होती?"

"मुंबैकारांच्या माळ्यार."

काकी गप्प. त्या बंद घरात रात्री कोणीतरी घोरतं, हे भूत तिनेच अख्ख्या वाडीत वाढवलेलं. गव्हाणी घुबडाची पिल्लं भुकेली की अशीच फुसफुसतात. हे घुबड घरटं विणत नाही. कौलांखाली अंधारी, कोरडी जागा मिळाली की तिथेच अंडी. मुंबैकारांनी गेल्या मे महिन्यात कौलं उतरवून स्लॅब घातला. स्लॅबला कसली आलीय फट? म्हणून आमच्या झिलाने फळ्यांचं खोकं केलं, वीतभर भोकाचं, दर्याकडे पाठ करून, नाहीतर मिरगाचा पाऊस थेट आत. सध्या त्यात साळुंख्या काड्या भरतायत. भाडं कोण देणार, देव जाणे. पुण्याकडे पिंगोरीत २०१८ साली इला फाउंडेशनने घुबडांचा महोत्सव भरवला होता, तोही काकीला सांगितला. पण जत्रेत खाजं नाही म्हटल्यावर तिचा रस संपला.

"मगे ता भूत नव्हताच?"

"नाय."

काकी हिरमुसली. पाहुण्यांना सांगायला आता काय उरलं? तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "त्या खोक्याचा तोंड माझ्या माडांकडे फिरव. आणि कोणी इचारल्यान तर सांग, मधमाशांची पेटी."