घर पुढं गेलंय

फिरत्या घराची हौस हल्ली फार वाढली आहे. माझा पुतण्या मोबाईलवर त्याचे व्हिडिओ दाखवतो. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा, खिडकीत तुळस आणि तुळशीशेजारी कॉफी पिणारं जोडपं. सरकारनंसुद्धा 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पुतण्या म्हणतो, "काका, नवीन कल्पना आहे." मी काही बोलत नाही. आमच्या गावात राहून त्याला ही नवीन वाटावी, याचंच नवल.

आमची चिखली म्हणजे टाळगाव चिखली. तळवडं ओलांडलं की देहू. ज्येष्ठात तुकोबांची पालखी निघते, तिच्याबरोबर आमच्या दिंडीचा ट्रक निघतो आणि आषाढी एकादशीपर्यंत तोच आमचा पत्ता असतो. एरवी हा ट्रक चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग वाहतो. वारीआधी त्याचा हौदा धुऊन घ्यायचा, मध्ये फळ्या टाकून माळा करायचा, वर ताडपत्री, मागं शिडी. माळ्यावर गुडघे गेलेली मंडळी. खाली शिधा, पातेली, शेगड्या, वळकट्या. हौदा कितीही धुतला तरी ग्रीसचा वास जात नाही. आमची निम्मी दिंडी भोसरी-पिंपरीच्या कंपन्यांतून रिटायर झालेली. त्यांना त्या वासावर झोप चांगली लागते.

माझी नोकरी स्टोअरमध्ये झाली, म्हणून दिंडीतही स्टोअर माझ्याच गळ्यात. कंपनीत आम्हाला जपानी पद्धतीचं 'फाइव्ह एस' शिकवलं होतं: नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडा-पुसा, नियम करा आणि पाळा. शिवाय 'फिफो', म्हणजे जो माल आधी आला तो आधी बाहेर. ट्रकला दार एकच आणि तेही मागं, त्यामुळे इथं फिफो उलटा चालतो. जो शहाणा माणूस पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, वळकटी बांधून ट्रकमध्ये टाकतो, त्याची वळकटी पार तळाशी. संध्याकाळी मुक्कामावर ती सगळ्यांत शेवटी निघते. जो उशिरापर्यंत लोळतो आणि ट्रकचा फाळका लावता लावता आपलं बोचकं आत फेकतो, तो दिवस मावळायच्या आत अंथरुणावर आडवा. कष्टाचं फळ मिळतं असं सांगणाऱ्यांनी एकदा दिंडीचा ट्रक खाली करून बघावा.

त्यात एका वर्षी निवडणुकीच्या तोंडावर एका इच्छुकानं दिंडीला पिशव्या वाटल्या. रंग एक, आकार एक आणि सगळ्यांवर हात जोडलेला तोच चेहरा. "माऊली, माझी पिशवी द्या." "कोणती?" "ती साहेबांच्या फोटोची." मी खडूनं फळीवर रकाने आखले, पिशव्यांना नंबर चिकटवले. आत्याबाई, म्हणजे आमच्या स्वयंपाकाच्या सर्वेसर्वा, कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "नंबर कशाला रे? पावसात निघून जातील." आणि त्यांनी दाखवलं. एका पिशवीच्या बंदाला लाल चिंधी, दुसरीला फुटकी बांगडी, तिसरीला सेफ्टीपिन, चौथीच्या कोपऱ्याला हळदीचं बोट. बायकांचं कोडिंग आधीच पूर्ण झालं होतं. पहिल्या पावसात माझे नंबर गेले. चिंध्या पंढरपूरपर्यंत टिकल्या.

देहू सोडल्यावरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. हा मुक्काम आम्हा चिखलीकरांची परीक्षा असते. घरदार सोडून निघायचं, सगळ्यांच्या पाया पडायचं, सुनेनं डोळे पुसायचे आणि रात्री घर रिक्षाच्या अंतरावर! त्या संध्याकाळी दिंडीतल्या लोकांना काय काय आठवतं. कुणाचा चष्मा राहिला, कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाचा दुधाचा हिशेब. "गेलो आणि आलो," म्हणून जातात आणि ओल्या केसांनी परत येतात. आत्याबाई काही विचारत नाहीत. नुसता जवळून वास घेतात. साबणाचा वास आला की त्या माणसाला रात्रीची पातेली घासायला.

पाण्याचं मात्र आम्हाला कौतुक नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 पासून दिवसाआड पाणी येतं, तेव्हा टँकर, पिंप आणि एका बादलीत अंघोळ हा आमचा घरचाच अभ्यास. पहाटे टँकरच्या नळापुढं बादल्या रांगेत उभ्या असतात आणि त्यांचे मालक अंधारात दात घासत दुरून पहारा करत असतात.

कपड्यांचं तेवढं सोपं नाही. धुणं ताडपत्रीच्या दोऱ्यांना बांधायचं, ट्रक चालला की वाळतं. पण चालत्या दोरीवरून सगळंच मुक्कामी पोहोचत नाही. एक बनियन कमी होतो, एक परका लेंगा येतो. काटेवाडीला परीट मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. ती शुभ्र धोतरं बघून आमच्याकडचे पुरुष आपापल्या धोतराचा सोगा हळूच मागं घेतात. पुढं सराटीला नीरेत पादुकांचं स्नान होतं, त्या दिवशी मात्र धोतरांचाही उद्धार होतो.

आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे काहीतरी घेऊन परत येणं. जाणं सोपं असतं. बारामतीला आत्याबाईंनी मला कोथिंबीर आणायला पाठवलं. दोन पिशव्या भरून मी परत येतो तर ट्रकच्या जागी एक ऊसरसवाला. बंदोबस्तातल्या पोलिसांनी गाड्या पुढं काढायला लावल्या होत्या. फोन लावला. "कुठं आहात?" "आहोत तिथंच." "तिथं म्हणजे?" "अरे, ट्रकपाशी!" आणि रेंज गेली. पुढं शेकडो ट्रक. सगळ्यांना भगवा झेंडा, सगळ्यांना निळी ताडपत्री. "माऊली, आमचा ट्रक पाहिला का?" विचारावं, तर प्रत्येक जण तितक्याच खात्रीनं सांगतो, "पाहिला माऊली, पुढं गेला." तुकोबांचे पुत्र नारायणमहाराजांनी 1685 मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला, तेव्हा ट्रक नव्हते, त्यामुळे या एका प्रश्नावर संतवाङ्मयात मार्गदर्शन सापडत नाही.

शेवटी कुठल्याशा मराठवाड्याच्या दिंडीनं मला हाताला धरून पंगतीला बसवलं. आमटी झकास, वर कोथिंबीर नाही. मी एक पिशवी त्यांच्या आचाऱ्यापुढं ठेवली. उरलेली पिशवी घेऊन आमच्या ट्रकपाशी पोहोचलो तेव्हा भांडी घासून झाली होती. आत्याबाईंनी पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जेवून आलास ना?" साबण असो की आमटी, त्यांचं नाक तिखट.

स्वयंपाकाला खरी सुट्टी एकच, यवतला. तिथं गावकरी काळभैरवनाथाच्या मंदिरात सगळ्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालतात. त्या रात्री आत्याबाई पंगतीत बसतात, दुसऱ्यानं वाढलेलं जेवतात आणि पिठल्यात मीठ कमी आहे की जास्त, यावर माळ्यावर उशिरापर्यंत चर्चा चालते.

पुतण्या यंदा येतो म्हणालाय. तुमच्यापैकीही कुणाला यायचं असेल तर जेवणाची भिशी आधी भरा, पिशवीला आपली चिंधी बांधा आणि तांब्या आपला आपण आणा. दिंडीचे तांबे इंदापूरच्या पुढं दर वर्षी कमीच पडतात.