बेसवर कोण आहे?

जॅझच्या चाहत्याला एक गोष्ट लवकर कळते. या क्षेत्रात नेमाने नवे अल्बम काढणारी बरीचशी मंडळी केव्हाच वारलेली आहेत. जॉन कोल्ट्रेन १९६७ साली गेला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. त्यानंतर त्याचा नवा अल्बम २०१८ साली आला, २०१९ साली आला, २०२१ आणि २०२३ सालीही आला. हयात कलावंतांना एवढी शिस्त जमत नाही. सकाळच्या चहाला मी ‘कोल्ट्रेनचा नवा अल्बम आलाय’ असं जाहीर करतो, तेव्हा आमच्या घरात कुणीही दचकत नाही. बायको एवढंच विचारते, “कितीला?”

बाहेरून मागवलेल्या तबकडीची किंमत घरात सांगायची एक पद्धत आहे. आकडा डॉलरमध्ये सांगायचा आणि लगेच ‘दूध आलं का?’ असं विचारायचं.

तो २०१८चा अल्बम म्हणजे मार्च १९६३चं ध्वनिमुद्रण. कंपनीकडची मूळ टेप नाहीशी झाली होती. कोल्ट्रेनने घरी ऐकायला नेलेली प्रत मात्र त्याच्या पहिल्या बायकोच्या, नईमाच्या, कुटुंबाकडे राहिली आणि पंचावन्न वर्षांनी जगापुढे आली. ही हकीकत मी घरात जरा मोठ्याने सांगितली, कारण त्या आठवड्यात आमच्याकडे माळा रिकामा करायचं घाटत होतं. “अगं, त्यांचं लग्नसुद्धा पुढे टिकलं नाही, तरी त्या माउलीने टेप जपली.”

“तिचा माळा मोठा असणार,” बायको म्हणाली.

या नादाला मी लागलो तो मायल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मुळे. बहुतेक जण तिथूनच लागतात. १९५९चा अल्बम, वाजवणारे एकूण सात. आता अमेरिकेतला माणूस असल्या अल्बमनंतर ‘आणखी असंच काही’ शोधत असेल. मराठी माणसाला तसं शोधावं लागत नाही, कारण स्थळाची चौकशी करण्याचं शिक्षण त्याला घरातच मिळालेलं असतं. मुलगा काय करतो हे मागाहून. आधी मामा कोण, आत्या कुठे दिली, पुण्याचे की सांगलीचे. तबकडीच्या वेष्टनाची मागची बाजू वाचायची ती याच डोळ्यांनी. बेसवर कोण आहे? पॉल चेंबर्स. हा कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’वरही आहे आणि ‘जायंट स्टेप्स’वरही आहे, म्हणजे दोन्ही घरांत येणं-जाणं आहे. पियानोवर बिल इव्हान्स. एका गाण्यापुरता मात्र विंटन केली. का बरं? काहीतरी असणार. चौकशी वाढवायची.

बिल इव्हान्सच्या मागे गेलं की आपण २५ जून १९६१ला न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरात पोचतो. रविवार आहे, ध्वनिमुद्रणात मागे पेल्यांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा ऐकू येतात. त्या गप्पा मारणाऱ्यांना आपण काय ऐकतोय याचा पत्ता नाही, आणि त्यांची बडबड आता जगभर जपून ठेवलेली आहे! तिथे बेसवर स्कॉट लफॅरो, वय पंचवीस. दोन आठवड्यांच्या आत तो मोटार अपघातात गेला. एवढं समजल्यावर लफॅरोने आणखी कुठे कुठे वाजवलंय ते शोधणं आलंच. शोधता शोधता मी ऑर्नेट कोलमनच्या ‘फ्री जॅझ’पाशी पोचलो. प्रत्येक चांगल्या घराण्यात एक असा मामा निघतोच.

‘फ्री जॅझ’मध्ये दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात. एक डाव्या स्पीकरमधून, एक उजव्या. मध्ये कुणी थांबत नाही. तबकडी उलटवण्यापुरती काय ती उसंत. बाकी सदतीस मिनिटं सलग. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

“अहो, दोन गाणी लागलीत एकदम.”

“नाही, एकच आहे.”

ती डाव्या स्पीकरपाशी गेली, मग उजव्या स्पीकरपाशी गेली, मग माझ्याकडे बघितलं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. खरं सांगायचं तर त्या बऱ्या बसल्या मध्ये.

आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले आणि किराणा घराण्याचे कट्टर. तानपुरा किंचित उतरला तरी त्यांचा चेहरा उतरतो. त्यांना मी भाबडेपणाने ‘काइंड ऑफ ब्लू’ची हकीकत सांगितली. पहिल्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचं यंत्र थोडं मंद फिरत होतं. त्यामुळे योग्य गतीने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी जरा जलद आणि जरा चढी ऐकू येत. ही गोष्ट दुरुस्त झाली १९९२ साली.

“म्हणजे तेहतीस वर्षं?” काका ताठ बसले. “आणि कुणी उठून गेलं नाही?”

“काका, लोकांना तेच आवडत होतं.”

“उद्या म्हणशील सूर नसला तरी चालतो.” त्यांनी चहा तसाच ठेवला. ‘फ्री जॅझ’चा विषय मी त्या दिवशी काढला नाही.

ब्लूजमध्ये ही मागची बाजू वाचण्याची विद्या चालत नाही. तिथे एक माणूस, एक गिटार आणि वेष्टनावर जवळजवळ कोरी जागा. बेसवर कोण? त्याचाच अंगठा. तेव्हा चौकशी माणसांची नाही, गावाची करायची. मिसिसिपी जॉन हर्टने १९२८ साली काही गाणी ध्वनिमुद्रित केली, ती फारशी खपली नाहीत, तो गावी परत जाऊन शेतात राबू लागला. पुढे पस्तीस वर्षं त्याचं नाव जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्यांपुरतंच उरलं. त्यातल्या एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं नाव घेतलं होतं, अव्हॅलॉन. नव्या नकाशांवर गाव सापडेना. शेवटी १८७८च्या एका नकाशासंग्रहात ते मिळालं, आणि १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण चाहता थेट तिथे जाऊन थडकला. म्हातारा होता, गातही होता. दारात अनोळखी गोरा माणूस बघून हर्टला आधी सरकारी पोलीस आल्यासारखं वाटलं, असं सांगतात. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात तो हजारो लोकांपुढे गायला.

ही गोष्ट काकांना मनापासून आवडली. फक्त पद्धत पटली नाही. “सातबारा काढला असता तर लवकर मिळाला असता,” ते म्हणाले.

रॉबर्ट जॉन्सनचं प्रकरण याहून लहान आणि त्याचा गवगवा याहून मोठा. १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत मिळून २९ गाणी, आणि १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू. त्याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकून घेतली अशी दंतकथा आहे. त्याच्या आधी हीच कथा टॉमी जॉन्सन या दुसऱ्या गायकाबद्दल सांगत असत. आडनाव एकच असल्यामुळे सैतानाच्या दप्तरातही घोळ झालेला असू शकतो. रॉबर्टच्या थडग्याचे दगडसुद्धा तीन ठिकाणी आहेत. १९९० साली त्याची सगळी गाणी एका संचात आली आणि त्या संचात काही गाणी दोन-दोनदा आहेत. चाहता आणि संसारी माणूस यांच्यातली खरी दरी इथे दिसते.

“हे आत्ताच झालं ना?”

“तो पहिला टेक होता. हा दुसरा.”

“चुकला होता का पहिल्यात?”

“छे!”

“मग परत का गायला?”

याला उत्तर नाही. भजनी मंडळात बायको स्वतः एकच अभंग दर गुरुवारी गाते हे मला सुचलं, पण रात्रीच्या जेवणानंतर.

काकांचा आणि माझा तह झाला तो मात्र अंतराळात. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर संगीताचे २७ तुकडे आहेत. त्यात लुई आर्मस्ट्राँग आहे. ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ सालचं गाणं आहे. गाणं म्हणायचं, पण त्यात शब्द एकही नाही. नुसतं गुणगुणणं, कण्हणं आणि गिटारच्या तारेवरून घसरत जाणारा सूर. आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. बाईंना ध्वनिमुद्रणाचा तिटकारा; आयुष्यात मोजक्याच तबकड्या दिल्या. त्यांतली एक सूर्यमालेच्या वेशीबाहेर निघून गेली.

“केसरबाई आहेत?” काकांनी चष्मा काढला. “आणि तुझा तो विली त्यांच्या शेजारी?”

“एकाच तबकडीवर.”

“लाव.”

लावलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाले, “मींड चांगली घेतो. कुणाकडे शिकला?” मी म्हटलं, सांगता येत नाही, रस्त्यावर उभं राहून गायचा. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून आले. हातात पोह्यांची ताटली होती. निमित्त लागतंच माणसाला.

मग मीही थोडा चढलो. म्हटलं, काका, जॅझ तुम्ही तरुणपणीच ऐकलंय, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. १९५१चा ‘अलबेला’. पुणतांब्याच्या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं, संगीत, पडद्यावर भगवानदादा. ‘शोला जो भडके’च्या त्या सिनेमात ट्रम्पेट घेऊन दिसतो तो चिक चॉकलेट, गोव्याचा अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत तो जॅझ वाजवायचा, आर्मस्ट्राँगच्या थाटात, आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. काका बराच वेळ गप्प होते. गणपतीच्या मिरवणुकीत ते त्या गाण्यावर नाचलेले आहेत, आणि हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

हयात मंडळींविषयीही लिहायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल आम्ही त्यांच्या मरणाची वाट बघतोय. क्लार्क्सडेल या मिसिसिपीतल्या गावचा क्रिस्टोन ‘किंगफिश’ इन्ग्रम १९९९चा जन्म, गिटार अशी वाजवतो की ब्लूज संपला म्हणणाऱ्यांनी आपले लेख मागे घ्यावेत. त्याच्या २०२१च्या अल्बमचं नाव ‘६६२’. तो त्याच्या भागाचा टेलिफोनचा कोड. हे ऐकल्यापासून आमच्या डोंबिवलीच्या एखाद्या पोराने ‘०२५१’ नावाचा अल्बम काढावा, अशी माझी इच्छा आहे. कमासी वॉशिंग्टनचा २०१५चा ‘द एपिक’ तीन तबकड्यांचा, जवळपास तीन तासांचा. संगीत नाटकांवर वाढलेल्या काकांना तो आकडा ऐकून पहिल्यांदाच जॅझबद्दल आदर वाटला. “हां, निदान बैठक तरी आहे.”

माझा जीव मात्र बँजो वाजवणाऱ्या रिआनन गिडन्सवर. बँजो हे मूळचं पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेलं वाद्य. पुढे ते गोऱ्या शेतकऱ्यांचंच म्हणून प्रसिद्ध झालं. ती आणि तिचे दोन साथीदार उत्तर कॅरोलायनात जो थॉम्पसन या ऐंशी ओलांडलेल्या फिडलवादकाच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी शिकायला जात. त्याच तालमीतून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ उभं राहिलं आणि त्यांच्या २०१०च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. ‘गुरुवारी’ एवढं ऐकताच काकांनी मान डोलावली. बाकीचा पुरावा त्यांना लागला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांना थेलोनियस मंकचा ‘पालो आल्टो’ ऐकवला. ऑक्टोबर १९६८, कॅलिफोर्नियातली एक शाळा. सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मंकला चक्क शाळेच्या सभागृहात वाजवायला बोलावलं. शाळेची साफसफाई बघणारा एक माणूस त्याला म्हणाला, मला हा कार्यक्रम टेप करू द्या, बदल्यात तुमचा पियानो मी सुरात लावून देतो. त्याने पियानो लावला, टेप केली आणि ती टेप त्या मुलाच्या हवाली केली. २०२० साली तिचा अल्बम झाला. मंक वारला १९८२ साली.

काका ऐकता ऐकता उठले. मला वाटलं, मंकचे ते वाकडेतिकडे सूर सोसेनात. पण थोड्या वेळाने त्यांच्या घरातून काकूंचा आवाज आला, “अहो, उतरा खाली, पडाल!” आणि मग काका आमच्या दारात, धोतराला जळमटं, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत कॅसेटी. त्यांच्या जुन्या चाळीच्या गणेशोत्सवात गाऊन गेलेल्यांच्या, काकांनी पहिल्या रांगेत बसून, मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेल्या. एकीवर ‘मारवा’ लिहून खोडलंय आणि खाली मुलाच्या अक्षरात ‘इंग्रजी कविता, दहावी’. मारवा अजून खाली आहे की कवितेने तो पुसला, यावर काका-काकूंमध्ये मतभेद आहेत.

“तबल्यावर कोण होतं?” मी विचारलं.

काका खुर्ची ओढून बसले. गावापासून सुरुवात केली.

डबा सध्या आमच्या माळ्यावर आहे, बायकोच्या परवानगीने, सहा महिन्यांच्या मुदतीवर. अडचण एवढीच की कॅसेट वाजवणारं यंत्र दोन्ही घरांत चालू नाही. आमच्याचा पट्टा तुटलाय आणि काकांच्यात मुंग्या आहेत. वाचकांपैकी कुणाकडे धड चालणारा टेपरेकॉर्डर असेल तर आठवड्यापुरता द्यावा. बदल्यात त्यांची हार्मोनियम सुरात लावून द्यायला काका तयार आहेत.