जुन्या जिप्सीचा मालक

जुन्या जिप्सीचा मालक हा साधारण अडतीस ते पन्नास वर्षांचा, पगारदार, विवाहित आणि एक-दोन मुलांचा बाप असलेला शहरी गृहस्थ असतो. पुण्यात कोथरूड, बाणेर, वाकड या भागांत त्याची वस्ती दाट आहे. ठाणे, नाशिक आणि कोल्हापुरातही तो आढळतो. त्याच्या घरी रोजच्या वापराची एक धडधाकट मोटार आधीपासून असते. तिच्यातून कुटुंब लग्नांना, दवाखान्यात, आजोळी आणि महाबळेश्वरला जाते. जुनी जिप्सीही तो कुटुंबासाठीच घेतो. कुटुंबाला हे खरेदीनंतर कळते.

या वर्गाच्या तीन पोटजाती आहेत. पहिला खुद्द जिप्सीवाला. मारुती जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली तेव्हा तिला ९७० सीसीचे इंजिन होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीचे इंजिन बसून तिची जिप्सी किंग झाली आणि २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकाला ती नवी मिळणे बंद झाले. दुसरा महिंद्रवाला. त्याच्याकडे एमएम ५४० किंवा मेजर असते, ती डिझेलवर चालते, आणि जिप्सीला तो ‘खेळणं’ म्हणतो. तिसरा २०१० साली आलेल्या पहिल्या थारचा मालक. तिच्या वरच्या मॉडेलला एसी असल्यामुळे पहिले दोघे त्याला आपल्यात धरत नाहीत. तिघांचे वर्तन मात्र इतके सारखे असते, की पुढील वर्णन पहिल्याचे असले तरी बाकी दोघांना सहज लागू पडते.

लागण बहुतेक वेळा ताडोब्यात होते. सफारीची उघडी जिप्सी वाघासाठी थांबते, सगळे कुटुंब झाडीकडे बघत असते आणि हा एकटा वाकून फोर-बाय-फोर लावणारी ट्रान्सफर केसची दांडी बघत असतो. वाघ दिसला का, या प्रश्नाला घरी आल्यावर मुले उत्तर देतात. हा ड्रायव्हरशी झालेले संभाषण सांगतो. त्यानंतर काही महिने तो रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती पाहतो. बायकोला वाटते, ऑफिसचे काम आहे. खरी गोष्ट समजते तेव्हा ऑफिसचे काम परवडले असते, असे तिला वाटते.

शोधाच्या काळात त्याला विक्रेत्यांची भाषा समजू लागते. ‘सिंगल हँड’ म्हणजे आरसी बुकावर एकच नाव. गाडीला हात किती जणांचे लागले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. ‘मिलिटरी डिस्पोजल’ म्हणजे लष्कराने लिलावात काढलेली आणि नंतर आरटीओत नोंदवलेली. ‘कर्नलसाहेबांची गाडी’ ही याहून वरची प्रत. बाजारात असलेल्या अशा गाड्या मोजल्या, तर लष्करात जवान कमी आणि कर्नल जास्त असावेत असा निष्कर्ष निघतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे हुकूम आल्यापासून तिकडचा मालही इकडे स्वस्तात येऊ लागला. उघड्या जिपा नटवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हरियाणातल्या डबवालीचे नाव त्याला याच काळात पाठ होते. तोवर त्याच्या लेखी हरियाणात कुरुक्षेत्र तेवढे होते.

गाडी पाहायला जाताना जाणकार माणूस सोबत चुंबक नेतो. पत्र्याला चुंबक चिकटला नाही तर खाली पुट्टी आहे. तळाचा पत्रा, चासीचे जोड आणि पाटे जिथे टांगलेले असतात त्या जागा गंजल्या आहेत का, हे तो गाडीखाली झोपून पाहतो. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो आणि आकडे आरसीशी जुळवतो. आपला नायक हे सगळे वाचून गेलेला असतो. प्रत्यक्षात तो गाडीभोवती एक फेरी मारतो, टायरला लाथ घालतो, बॉनेट उघडून गंभीर होतो आणि विक्रेत्याने चावी फिरवल्यावर येणाऱ्या आवाजाने विरघळतो. चुंबक खिशातच राहतो. ‘आवाज ऐकला का?’ असे तो बायकोला फोनवर विचारतो. तिने तो ऐकलेला असतो आणि शेजारच्यांनीही.

मग कागदपत्रे. गाडी परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, जुने कर्ज उतरवायला फॉर्म ३५. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची तपासणी होऊन नोंदणीला पुढची पाच वर्षे मिळतात. याला बोलीभाषेत पासिंग म्हणतात. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. वर पर्यावरण कर. पासिंगला इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक असे सगळे एकाच दिवशी चालावे लागते. जुन्या जिप्सीच्या आयुष्यात असा दिवस पाच वर्षांतून एकदाच उगवतो, त्यामुळे पाच वर्षांची ही मुदत शास्त्रशुद्ध आहे.

यानंतर मिस्त्रीचा प्रवेश होतो. मिस्त्री प्रथम गाडीकडे पाहत नाही, मालकाकडे पाहतो. ‘कितीला घेतली, साहेब?’ हा त्याचा पहिला प्रश्न. साहेबाने आकडा वीस टक्के कमी करून सांगितला तरी मिस्त्री ‘अरेरे’ म्हणतो. दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे: आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर, मग इंजिन आणि गिअरबॉक्स, मग वायरिंग, शेवटी पत्रा आणि रंग. मालकाचा क्रम रंगापासून सुरू होतो. ऑलिव्ह ग्रीन मनात असतो. पण खाजगी गाडीला लष्करी हिरवा लावायचा नसतो, हे समजल्यावर करडा, खाकी आणि निळा यांच्या पट्ट्या घरच्या भिंतीवर लावून मतदान होते. मुलगी लाल सुचवते. शेवटी गाडी पांढरीच राहते, कारण सगळे पैसे गिअरबॉक्समध्ये गेलेले असतात.

सुटे भाग हा स्वतंत्र विषय आहे. काही कंपनीत मिळतात, काही नाना पेठेत, काही मुंबईला कुर्ल्यात, आणि जे कुठेच मिळत नाही त्यासाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फेरी होते. इथे मालकाची खरी प्रगती दिसते. ज्या माणसाला घरातला तुरीच्या डाळीचा डबा बारा वर्षांत सापडलेला नाही, तो लोखंडाच्या ढिगातून जिप्सीच्या शाफ्टचा क्रॉस आणि बोलेरोचा क्रॉस लांबूनच वेगळे ओळखतो. खर्चाची वही तो ठेवतो, पण तिच्यात फक्त मोठे खर्च लिहितो. छोटे खर्च किराणा या सदरात जातात.

गाडी चालू लागली की ती सजू लागते. जिप्सी किंगचे मूळ टायर २०५/७० आर १५ मापाचे. मालक २३५/७५ आर १५ चे मड टायर चढवतो. त्यासाठी पाटे उंच करावे लागतात, आणि मग आजींना चढण्यासाठी घरातला प्लॅस्टिकचा स्टूल गाडीत कायमचा ठेवावा लागतो. नव्या टायरचा व्यास जुन्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी जास्त असल्यामुळे स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या आसपास असते, आणि किलोमीटरही तितकेच कमी नोंदवले जातात. लिटरला किती जाते, या बायकोच्या प्रश्नाला याच हिशेबाने उत्तर देता येते: दिसते त्याहून दहा टक्के जास्त. मड टायरचा ७० च्या वेगाला येणारा आवाज इतका असतो, की पुढचा प्रश्न त्याला ऐकू जात नाही.

त्यानंतर रुतलेली गाडी ओढून काढणारा विंच, हाय-लिफ्ट जॅक, शॅकल, ओढायचा दोर, फावडे, जेरीकॅन आणि स्नॉर्कल. स्नॉर्कल म्हणजे इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारे नळकांडे. पाण्यात इंजिन त्यामुळे गुदमरत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरला पाणी लागून ते तरीही बंद पडते, आणि दाराच्या फटींतून आलेले पाणी त्याआधीच मागच्या बाकापर्यंत पोहोचलेले असते. कायद्याची अडचण वेगळीच. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आरसीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. पुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करण्यास केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले होते. त्यामुळे निम्म्या वस्तू पासिंगपूर्वी उतरवून बाल्कनीत जातात. बाल्कनीतल्या तुळशीला तेव्हा बेडरूमच्या खिडकीत जागा मिळते.

फोर-बाय-फोरचे तत्त्व मालक कोणालाही, कधीही समजावून सांगतो, आणि बरोबर सांगतो. साध्या वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून मध्ये डिफरन्शिअल असते. पण एक चाक चिखलात किंवा हवेत मोकळे फिरू लागले की याच डिफरन्शिअलमुळे दुसऱ्या चाकाचा जोर जातो. पुढच्या दोनपैकी एक आणि मागच्या दोनपैकी एक अशी चाके सुटली, तर चारही चाकांना ताकद देणारी गाडी जागेवर उभी राहते. लो गिअरमध्ये वेग घटून ओढ वाढते. कोरड्या डांबरावर मात्र फोर-बाय-फोर लावायचे नसते, कारण जिप्सीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि वळताना ताण गिअरांवर येतो. एवढे सगळे ठाऊक असूनही सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर तो एकदा तरी दांडी ओढतो. वॉचमन बघत असतो, हे त्याचे कारण.

पहिली मोहीम कोकणातल्या किनाऱ्यावर निघते. वाळूत टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयवर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही, हे त्याला माहीत असते. ओहोटीनंतर सुमारे सव्वासहा तासांत भरती पूर्ण होते, हेही माहीत असते. फक्त ओहोटी नेमकी केव्हा होती, एवढेच विचारायचे राहते. किनाऱ्यावर गाडी नेण्यास अनेक ठिकाणी मनाई आहे, ती पाटी गाडी रुतल्यावर दिसते. विंचला बांधायला वाळूत झाड नसते. शेवटी गावातला ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरला मागची दोनच चाके ओढणारी असतात, हे ट्रॅक्टरवाला पैसे मोजताना आवर्जून सांगतो.

कुटुंबाची वाढ या सर्व काळात जोमाने होते. मुलगा बॅटरी धरता धरता स्पार्क प्लग साफ करायला शिकतो. मुलीला चाक बदलता येते आणि ती ते भावापेक्षा लवकर बदलते. आजी रस्त्यात थांबल्यावर खायला निराळा डबा करू लागतात. त्याला घरात ‘जिप्सीचा डबा’ म्हणतात आणि तो कधी परत येत नाही. सासरे ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य बोलण्यासाठी मुद्दाम बोलावले गेल्यासारखे प्रत्येक बिघाडाला हजर असतात. बायको सुरुवातीला फक्त हिशेब विचारते. नंतर ताम्हिणी घाटात पावसात गाडी बंद पडते, नवरा विंचचे माहितीपत्रक वाचत बसतो, आणि ती डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून ओढणीने पुसते व गाडी चालू करते. तेव्हापासून मिस्त्री अवघड काम निघाले की ‘वहिनींना फोन द्या’ म्हणतो. कुटुंब साहसी व्हावे हा खरेदीचा हेतू सफल झालेला असतो. राहिलेला असतो फक्त एक सभासद.

विक्रीचा विचार साधारण पुढच्या पासिंगच्या आधी येतो. गिऱ्हाईक लवकर मिळते, कारण अडतीस वर्षांचे पुरुष दर वर्षी नव्याने तयार होतात. गाडी ‘फॅमिली यूज’ म्हणून विकली जाते आणि या धंद्यातले हे दुर्मीळ खरे विधान असते. किमतीवरून घासाघीस होते, नव्या मालकाला मड टायर परवडत नाहीत, म्हणून जुने टायर चढवून गाडी दिली जाते. चार मड टायर बाल्कनीत उरतात. बायको ते विकायला काढते. मालक त्यांच्याकडे बघून म्हणतो, ‘टायर तर घरात आहेतच,’ आणि जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन बसतो.