नाताळातला श्वानपालक

श्वानपालक हा मनुष्यवर्गातला बारमाही प्रकार असला, तरी त्याला खरा बहर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. वांद्रे, माहीम, वसई, पुण्याचा कॅम्प आणि गोव्यातली बहुतेक गावं हे त्याचं मूळ वसतिस्थान. अलीकडे तो ठाणे-कोथरूडच्या गृहसंकुलांतही दिसू लागला आहे; या नव्या पोटजातीचा संबंध चर्चशी नसून केकशी असतो. दोन्हीकडे तो ब्रूनोचा डॅडी म्हणून ओळखला जातो आणि त्याची पत्नी ब्रूनोची मम्मी म्हणून. घरात मनुष्यजातीचं एखादं मूल असल्यास ते ब्रूनोचा दादा. नाताळच्या खरेदीच्या यादीत दादाचं नाव ब्रूनोच्या खाली असतं.

सणात कुत्र्याचं काय काम, असं कुणी विचारलंच तर डॅडी गोठ्याकडे बोट दाखवतात. येशूचा जन्म जनावरांच्या सहवासात झाला, मग आपण कोण त्यांना बाहेर ठेवणारे? हा आधार वाटतो तितका भक्कम नाही. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, बैल आणि गाढव नाहीत. ती जोडी पुढच्या परंपरेने तिथे आणून बांधली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी वैरण पसरून खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं, तेव्हापासून गोठ्याच्या देखाव्याची प्रथा फोफावली. कुत्र्याचं नाव त्यात कुठेच येत नाही. पण मेंढपाळ आले म्हणजे त्यांच्यामागे कुत्रा आलाच असणार, हा डॅडींचा युक्तिवाद खोडून काढणं अवघड आहे. त्यामुळे त्यांच्या गोठ्यात प्लास्टरच्या मेंढ्यांशेजारी एक लॅब्रॉडॉर बसलेला असतो, आकाराने उंटापेक्षा थोडा मोठा. खऱ्या ब्रूनोला मात्र त्या कोपऱ्यात मज्जाव आहे, कारण मागल्या नाताळात त्याने तीन राजांपैकी मेल्कियोर चावून टाकला होता.

महाराष्ट्राला जनावरांचा सण काही नवा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते, दुसऱ्या दिवशी शिंगं रंगतात, पाठीवर झूल चढते, पुरणपोळीचा घास मिळतो. मुख्य म्हणजे त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. नाताळातल्या कुत्र्याचं नेमकं उलटं. वर्षभर सोफ्यावर लोळणाऱ्या या प्राण्याला कामाचा असा एकच दिवस येतो, आणि तो हा.

काम सकाळी सुरू होतं. आधी लाल टोपी, मग कापडी शिंगं, मग लोकरीचा स्वेटर. डिसेंबरातही मुंबईची दुपार तीस अंशांच्या पुढे जाते, आणि कुत्रा आपलं अंग घामाने नव्हे, तर मुख्यतः धापा टाकून थंड करतो. स्वेटरातला ब्रूनो जीभ लोंबकळवत धापा टाकू लागला की मम्मी म्हणते, "बघा, कसा हसतोय!" आणि फोटो निघतो. खरं तर निघत नाही, पंचवीस निघतात. डॅडी कॅमेऱ्यामागे पिपाणीचं खेळणं दाबत असतात, दादा बिस्किटाचं आमिष धरून असतो, आणि अखेर निवडलेल्या फोटोत ब्रूनो तेवढा सरळ बघत असतो, बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले. तोच सर्व नातेवाइकांना जातो. खाली पंजाचा ठसा.

कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग नीट ओळखता येतात. लाल आणि हिरव्यात त्याची गल्लत होते. म्हणजे ज्या लाल-हिरव्या सजावटीसाठी मम्मीने वांद्र्याचा अख्खा हिल रोड पालथा घातला, ती ब्रूनोच्या लेखी एकाच मळकट छटेची आहे. ही माहिती या कुटुंबाला द्यायला अद्याप कुणी धजावलेलं नाही.

ब्रूनोचा खरा नाताळ नाकातून आत शिरतो. केकच्या मनुका कित्येक आठवडे आधीपासून रममध्ये मुरत असतात, कलकल तळले जातात, नेवऱ्या, दोदोल, मार्झिपान यांची ताटं शेजारीपाजारी फिरू लागतात. डुक्कर या दुसऱ्या पाळीव प्राण्याचाही सणात सहभाग असतो, पण तो सोरपोतेलात, आणि त्याला कुणी टोपी घालत नाही. या सगळ्यातलं ब्रूनोला जे जे हवं असतं, ते ते नेमकं त्याला वर्ज्य असतं. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि केकमध्ये भाजल्याने त्या निर्धोक होत नाहीत. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. चॉकलेट जितकं गडद, तितका धोका मोठा. सोरपोतेलातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशींवर उठतो. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या होतात. काही बिनसाखरेच्या मिठायांत झायलिटॉल असतं, ते तर सर्वांत वाईट.

डॅडींना हे सगळं तोंडपाठ असतं आणि पाहुण्यांना ते तीनदा ऐकावं लागतं. म्हणूनच ब्रूनोसाठी चिकन आणि गाजराचा वेगळा केक मागवलेला असतो. दरवर्षी कुणीतरी पाहुणा तो चुकून खातो आणि यंदा गोड जरा कमी पडलं, एवढंच म्हणतो. घरातली आजी ब्रूनोला बाळ म्हणत नाही, त्याच्यासोबत फोटोत बसत नाही, "मेलं कुत्रं" याशिवाय त्याचा उल्लेख करत नाही. पण बिनमिठाचं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन त्याच्या थाळीत पडतं ते तिच्याच हातून.

मांजरपालक हा याच कुळातला, पण खचलेला प्रकार. मांजराला गोड चवच कळत नाही, त्यामुळे केकचं आमिष वाया जातं. ते झाडावर चढतं आणि चकाकती झिरमिळी गिळतं. ती आतड्यात अडकली तर थेट शस्त्रक्रिया, म्हणून अनुभवी मांजरपालकाचं नाताळझाड कमरेच्या खाली उघडंबोडकं असतं.

श्वानपालकाची खरी परीक्षा रात्री होते. ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर बंदी असल्याने मुंबईत बऱ्याच ठिकाणी मध्यरात्रीची मिस्सा आधीच उरकते. फटाके मात्र बारालाच वाजतात. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक, आणि आपल्याला क्षीण वाटणारे आवाजही त्याला लांबून कळतात. अशा वेळी टोपी, शिंगं, स्वेटर सगळं उतरतं. खिडक्या लागतात, पंखा मोठा होतो, आणि डॅडी नवा सूट घालून न्हाणीघराच्या फरशीवर थरथरत्या ब्रूनोला धरून तासभर बसतात. तिथे फोटो काढायला कुणी नसतं. दिवसभराच्या थेरांबद्दल या माणसाला माफ करावंसं वाटतं ते इथे.

नाताळची भेट म्हणून रिबीन बांधलेलं पिल्लू देणारा माणूस या वर्गात मोडत नाही, जरी दिसायला तसाच असला तरी. कुत्रा हा सणापुरता नसून जन्मभराचा असतो, हे सांगण्यासाठी ब्रिटनमधल्या श्वानकल्याण संस्थेला १९७८ साली घोषवाक्य काढावं लागलं, ते अशांसाठी. खऱ्या श्वानपालकाला ते सांगावं लागत नाही. त्याला थांबवावं लागतं.

अशा घरचं निमंत्रण आलं तर वाचकाने जरूर जावं. ब्रूनोशी नमस्कार-चमत्कार करावेत, टोपी छान आहे म्हणावं, आपल्या ताटातलं त्याला काहीही देऊ नये, आणि टेबलावरचे दोन केक शेजारी शेजारी दिसले तर कापण्याआधी विचारून घ्यावं.