तिकीट विचारणाऱ्या प्रेक्षक महोदयांस

वणी, ता. दिंडोरी

माननीय प्रेक्षक महोदय यांस,



पत्रास कारण की, दर रविवारी रात्री आपण आपल्या बंगल्याचा हॉल गल्लीतल्या आम्हा आठ-दहा जणांना उघडा केलात आणि ‘स्नोपिअर्सर’ मालिकेचे दोन सीझन भिंतभर टीव्हीवर दाखवलेत. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. चहाबद्दल आभार, भाजलेल्या शेंगांबद्दल आभार, आणि सर्वांत जास्त आभार आपल्या मतांबद्दल. ती आपण आमच्यापासून कधी राखून ठेवली नाहीत.

ज्यांना त्या हॉलमध्ये बसायला मिळालं नाही त्यांच्यासाठी सांगते. पृथ्वी गोठली आहे. उरलीसुरली माणसं १,००१ डब्यांच्या एका आगगाडीत आहेत आणि गाडी थांबली की सगळे गारठून मरणार. पुढे पहिला वर्ग, मग दुसरा, मग तिसरा आणि सगळ्यांत मागे शेपूट. शेपटातल्यांकडे तिकीट नव्हतं. गाडी सुटताना मारामारी करून, मागे मेलेले टाकून ते आत घुसले. जवळजवळ सात वर्षं बिनखिडकीच्या अंधारात, काळ्या वडीच्या तुकड्यावर ते जगताहेत.

पहिला भाग संपायच्या आत आपण म्हणालात, “तिकीट नव्हतं ना? मग तक्रार कशाची?” महोदय, आपण किती वेळ वाचवलात! कितीतरी तासांची मालिका आपण सहा शब्दांत निकालात काढलीत. बोंग जून-हो यांनी २०१३ साली याच गोष्टीवर सिनेमा केला, त्याच्याही आधी १९८२ साली फ्रेंच चित्रकथा आली. एवढ्या लोकांना एवढी वर्षं जे सुटलं नाही ते आपल्याला सोफ्यावर सुटलं.

त्या तिकिटाविषयी मला आपल्याशी बोलायचंच होतं. पुढच्या डब्यातल्यांनी ते पैसे मोजून घेतलं, हे खरं. पण गाडीत खून झाला, पुढच्यांच्या जिवावर आलं, तेव्हा खुनाचा तपास करता येणारा एकमेव पोलीस कुठे सापडला? शेपटात. त्या पोलिसाला, लेटनला, बोलवायला माणसं गेली तेव्हा त्याला कोणी तिकीट विचारलं नाही. इंजिनाजवळच्या कामाला शेपटातली हुशार पोरं उचलून नेली, त्यांनाही कोणी विचारलं नाही. काम असलं की माणूस प्रवासी असतो, भूक लागली की फुकट्या. आपण त्या दोन्ही प्रसंगांच्या वेळी काही बोलला नाहीत. त्या शांततेबद्दलही आभार.

दुसऱ्या भागातला हाताचा प्रसंग आपल्याला आठवत असेल. शेपटातल्यांनी बंड केलं म्हणून एका बाईचा हात गाडीबाहेर काढतात, तो गोठून दगड होईपर्यंत धरून ठेवतात आणि मग फोडतात. आमच्यातल्या दोघींनी डोळे झाकले. आपण शेंग फोडलीत आणि म्हणालात, “करायलाच पाहिजे. नाहीतर शिस्त राहत नाही.”

महोदय, त्या वेळी आपल्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, चहाचा ट्रे घेऊन एक बाई उभी होती. सुरगाण्याकडून ती आपल्या द्राक्षबागेत थिनिंगला येते. हंगाम नसला की आपल्या घरात भांडी घासते. दाट घडातला एकेक मणी कात्रीने काढून काढून तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडला आहे, बोटांच्या पेरांवर भेगा आहेत आणि भेगांत काळं बसलं आहे. थंडीतल्या पहाटे घड द्रावणात बुडवताना ते पाणी त्या भेगांत जातं. पडद्यावर तो हात फुटला तेव्हा तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पदरात घेतले. आपली तिच्याकडे पाठ होती, म्हणून कळवते.

आपल्या मतांचा मला आणखी एक फायदा झाला. विसरत चाललेलं सगळं आठवलं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे हजारो शेतकरी पायी निघाले, आठवतात? सुरगाणा, पेठ, कळवण, आपली दिंडोरी. सहा दिवस, सुमारे १८० किलोमीटर. डांबराने सोललेले तळवे अख्ख्या देशाने पाहिले. मागणी होती ती वनजमिनीची. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन, पण सातबाऱ्यावर नाव नाही. वनहक्क कायदा २००६ सालचा, तरी त्या कागदासाठी त्यांना चालावं लागलं. त्यांचंही तिकीट निघालेलं नव्हतं, महोदय. दहावीच्या पोरांची परीक्षा होती, रस्ता अडायला नको म्हणून ही माणसं दिवसभराच्या चालीनंतर रात्रीतूनच आझाद मैदानाकडे निघाली. मुंबईकरांनी वाटेत पाणी दिलं, चपला दिल्या. परतीला रेल्वेने भुसावळकडे खास गाड्या सोडल्या. आपण तेव्हा म्हणाला होतात, “सगळं फुकट पाहिजे यांना.” आपलं मत इतकी वर्षं एका जागी टिकलं आहे. घाटातला दगडही पावसाळ्यात हलतो.

आणि मे २०२०. ही मालिका आपल्याकडे त्याच महिन्यात आली. महिन्याच्या पहिल्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला श्रमिकांची गाडी सुटली. पण सगळ्यांना गाडी कुठून मिळणार? मुंबई-आग्रा रस्त्याने पिंपळगावावरून डोक्यावर बोचकी घेऊन माणसं चालतच होती. ८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. सोळा जण मेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने निघाले होते, तिथून गावाकडची गाडी मिळेल या आशेवर. रुळांवर भाकऱ्या विखुरल्या होत्या. त्यांच्याकडे तिकीट नव्हतं, हे आपलं म्हणणं इथेही अगदी बरोबर आहे.

मालिकेत दोष नाहीत असं मी म्हणत नाही. मला विचाराल तर सिनेमा जास्त धीट होता, त्याने शेवटी गाडीच उलटवली. मालिका खुनाच्या तपासात फार रेंगाळते आणि दुसऱ्या सीझनपासून शेपटाची भूक मागे पडून दोन मालकांचं भांडण पुढे येतं. पण एक गोष्ट तिने पक्की पकडली आहे. पहिल्या सीझनभर गाडीचा मालक म्हणून ज्या विल्फर्डच्या नावाशिवाय गाडीत पान हलत नाही, तो इंजिनात नसतोच. त्याचं नाव पुढे करून गाडी चालवते ती इंजिनिअर मेलनी. मालक नसतानाही गाडी चालते, हे इंजिनातल्या मोजक्या माणसांना माहीत असतं आणि ते बाहेर फुटू नये एवढीच त्यांची धडपड असते. मग खरा विल्फर्ड आला. आपण सरसावून बसलात. “आता आला खरा माणूस,” म्हणालात. आपल्याला इतकं आनंदात मी एरवी फक्त द्राक्षाला भाव लागल्यावर पाहिलं आहे.

लेटनला जिंकण्यासाठी डबे तोडावे लागतात आणि त्या डब्यांत त्याचीच माणसं अडकलेली असतात, तो भाग पाहून मी रात्रभर जागी होते. आपण म्हणालात, “बघा, यांचे पुढारी असेच.” त्याने रडत ओढलेली ती कळ आपल्याला दिसली नाही. तो डब्यात कोण आहे हे जाणून होता. तिकीट मागणाऱ्यांना मागच्या डब्यात कोण आहे ते कधी जाणूनच घ्यावं लागलं नाही, म्हणून त्यांची झोप मोडत नाही.

महोदय, मी या मालिकेतले संवाद ज्येष्ठांसाठी मराठीत सांगत होते, ते जरा मोठ्याने सांगत होते. आपण दोनदा “हळू” म्हणालात. क्षमा करा, आवाज दारापर्यंत पोहोचायला हवा होता.

पुढचा सीझन सुरू कराल तेव्हा आम्हाला जरूर बोलवा. फक्त एक नम्र विनंती आहे. आपल्या हॉलमध्ये सगळ्यांचं मत विचारून झालं. आपलं, माझं, शेजारच्या दादांचं, अगदी आपल्या सातवीतल्या नातवाचंही. दारातल्या त्या बाईने पहिल्या भागापासून सगळं पाहिलं आहे, उभ्याने. सोफ्यावर आपल्या डावीकडे एक जागा रिकामी असते. तिथे तिला बसवा आणि चहा त्या दिवशी आपण करा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक प्रेक्षक